पडद्यावरचा शेफ आणि पेडणे-डिचोलीचे रांधप

१९९३ साली झी टीव्हीवर ‘खाना खजाना’ सुरू झाला आणि पांढरा कोट घातलेला हॉटेलातला एक शेफ दर आठवड्याला आपल्या घरात येऊ लागला. त्याआधी हॉटेलात जेवणाऱ्याला वेटरचा चेहरा ठाऊक असे, मालकाचे नाव ठाऊक असे. रांधणारा मात्र दाराआडच राही. गेल्या तीसेक वर्षांत हे पार बदलले. शेफ आता मालिकेतल्या नटाइतका ओळखीचा झाला आहे. तो पुस्तके लिहितो, स्वतःच्या नावाची भांडी विकतो, स्पर्धांचे परीक्षण करतो, चित्रपटांत कामे करतो. बारावीनंतर हॉटेल मॅनेजमेंटला जातो म्हणणाऱ्या मुलाकडे आईवडीलही आता निराळ्या नजरेने पाहतात.

या बदलाचा आढावा गोव्यातून घ्यावा असे मला वाटते. आणि गोव्यातही कळंगुट-कोलव्याच्या किनाऱ्यावरून नव्हे, तर पेडणे आणि डिचोली या तालुक्यांतून. देशातल्या मोठ्या हॉटेलांच्या भटारखान्यांत गोमंतकीय पहिल्या फळीत होते. टीव्हीवरच्या काही नामवंतांची उमेदवारी गोव्यात झाली. तरीही पडद्यावर जो गोवा शिजतो, त्यात या दोन तालुक्यांचे ताट जवळजवळ नसतेच. पडद्याने शेफला नाव दिले, ही मोठी गोष्ट झाली. ते नाव त्याने कोणासाठी वापरले, ज्यांच्याकडून तो शिकला त्यांचे नाव किती वेळा घेतले, यावर माझ्या मते या साऱ्या वाटचालीची परीक्षा व्हावी.

बिननावाची पिढी

एकोणिसाव्या शतकापासून गोव्याची माणसे मुंबईमार्गे जगभर गेली. पी अँड ओ, ब्रिटिश इंडिया अशा आगबोट कंपन्यांच्या जहाजांवर भटारखाना आणि जेवणघर बहुधा गोवेकरांच्या हाती असे. बोटीवरची नोकरी मिळेपर्यंत ही माणसे मुंबईत धोबी तलाव, डाबूल, माझगाव या भागांतल्या कुडांमध्ये उतरत. कूड म्हणजे एकेका गावाच्या लोकांनी आपल्या गावकऱ्यांसाठी चालवलेले बिऱ्हाड. त्यांतले बहुतेक जण साष्टी, बारदेश, तिसवाडी या जुन्या काबिजादीतल्या, म्हणजे पोर्तुगिजांनी आधी जिंकलेल्या, तालुक्यांचे आणि ख्रिस्ती होते. कोणतेही मांस रांधायला आणि दारू वाढायला त्यांना आडकाठी नव्हती, पाश्चात्त्य चवीची त्यांना ओळख होती. साहेबांच्या जहाजांनी आणि क्लबांनी त्यांना जवळ केले ते याच कारणांनी.

या पिढीतले एक नाव इतिहासात उरले: मिगेल आर्कांजो मास्कारेन्हस, म्हणजेच ‘मास्की’. गोव्यातून आलेला हा माणूस भटारखान्यातल्या अगदी हलक्या कामापासून चढत चढत मुंबईच्या ताजमहाल हॉटेलचा पहिला भारतीय मुख्य शेफ झाला. तेही नाव उरले, कारण त्यांच्या सूनबाई, खाद्यलेखिका ओडेट मास्कारेन्हस यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिले. मास्कींच्या बरोबरीने राबणारे कित्येक जण कुडांच्या वह्यांतच राहिले.

पेडणे आणि डिचोलीची वाट निराळी होती. हे तालुके पोर्तुगिजांकडे आले ते १७८० च्या दशकात. त्याआधी इथे सावंतवाडीकर भोसल्यांचा अंमल होता. जुन्या काबिजादीत धर्मांतराने जेवणाखाणात जी उलथापालथ केली, ती इथे झाली नाही. मिरची, काजू, बटाटा, पाव हे सगळे इथेही आले आणि रुजले. पण व्हिनेगरऐवजी आमसूल आणि चिंच राहिली आणि स्वयंपाकघर देवाच्या पंचांगावर चालत राहिले. इथून मुंबईला गेलेली माणसे चाळींत राहिली, मराठी शाळांत शिकली. पंचतारांकित हॉटेलांच्या भटारखान्याशी त्यांचा संबंध फार उशिरा आला.

१९७४ साली ताज समूहाने कांदोळी-शिकेरीच्या बाजूला आग्वाद किल्ल्याशी आपले किनाऱ्यावरचे हॉटेल उघडले. १९८३ मध्ये राष्ट्रकुल परिषदेसाठी आलेले राष्ट्रप्रमुख याच परिसरात विश्रांतीला उतरले. मग चार्टर विमाने सुरू झाली आणि गोव्याच्या हॉटेलांची ‘गोवन’ यादी पक्की झाली: विंदालू, शाकुती, काफ्रियाल, बाल्चांव, सोरपोतेल आणि शेवटी बेबिंक. उर्बानो रेगो यांच्यासारख्या गोमंतकीय शेफनी ताजमध्ये राहून हा स्वयंपाक पंचतारांकित टेबलावर मानाने आणला, देशोदेशीच्या खाद्यमहोत्सवांत नेला. या क्षेत्रातल्या लोकांत रेगो यांना गुरूचा मान आहे. टीव्ही पाहणाऱ्या सामान्य माणसाने मात्र त्यांचे नाव क्वचितच ऐकले असेल. मास्की आणि रेगो यांच्या पिढ्यांची कर्तबगारी भटारखान्यात सुरू झाली आणि तिथेच राहिली.

कोट घालून आलेला शिक्षक

टीव्हीवर स्वयंपाक शिकवण्याची सुरुवात व्यावसायिक शेफनी केली नव्हती. अमेरिकेत १९६३ पासून ‘द फ्रेंच शेफ’ गाजवणाऱ्या जुलिया चाइल्ड या कोणत्याही हॉटेलच्या शेफ नव्हत्या. पॅरिसमध्ये रीतसर शिकून आलेल्या त्या लेखिका आणि शिक्षिका होत्या. बीबीसीवर १९८२ साली भारतीय स्वयंपाक शिकवणाऱ्या मधुर जाफरी मुळात अभिनेत्री. आपल्याकडे पाककृतींच्या दुनियेत तरला दलाल यांचे राज्य होते, मराठी घरांत १९७० सालापासून कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ होती. या सगळ्यांचा अधिकार हॉटेलाच्या भटारखान्यातून आलेला नव्हता.

संजीव कपूर यांनी हे सूत्र बदलले. दिल्लीच्या पुसा येथील हॉटेल मॅनेजमेंट संस्थेतून १९८४ मध्ये बाहेर पडलेला हा तरुण मुंबईच्या सेंटॉर हॉटेलात एक्झिक्युटिव्ह शेफ झाला होता. हंसल मेहता यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘खाना खजाना’त त्यांनी हॉटेलातली शिस्त घरच्या ओट्यावर आणली: सामान आधी मोजून ठेवणे, क्रम ठरवणे, आच सांभाळणे. बोलणे सोपे, हिंदी घरगुती, हसरा चेहरा. कार्यक्रम सतराएक वर्षे चालला आणि त्याने या व्यवसायाला एक पायवाट पाडून दिली. आधी हॉटेल, मग वाहिनी, मग पुस्तके, मग स्वतःच्या नावाची उपाहारगृहे, मग ‘वंडरशेफ’सारखी भांडी आणि उपकरणे, आणि २०११ मध्ये ‘फूडफूड’ ही स्वतःची वाहिनी. २०१७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आदल्याच वर्षी ती इम्तियाज कुरेशी यांना मिळाली होती. लखनवी दम पद्धतीचा हा उस्ताद आयुष्यभर चुलीजवळच राहिला, पडद्यावर रमला नाही. लागोपाठच्या वर्षांतल्या या दोन पद्मश्रींनी स्वयंपाक्याच्या मोठेपणाच्या दोन्ही वाटांना सरकारी मान दिला.

मराठीत ‘ई टीव्ही मराठी’च्या ‘मेजवानी’ने आणि २००७ पासून झी मराठीच्या ‘आम्ही सारे खवय्ये’ने दुपारची वेळ काबीज केली. प्रशांत दामल्यांच्या गप्पांसोबत गावोगावच्या गृहिणी आपले पदार्थ करून दाखवत. ‘मेजवानी’ने नागपूरच्या विष्णू मनोहर यांना घरोघरी पोचवले. वऱ्हाडी रस्सा, सांबारवडी, पाटोडी हे पदार्थ पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कोकणच्या स्वयंपाकघरांत नेण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. २०१७ मध्ये नागपुरात त्यांनी सलग पन्नास तासांहून अधिक काळ स्वयंपाक करण्याचा विक्रम केला. मनोहर यांच्याकडून गोव्याने शिकण्यासारखे आहे ते असे, की त्यांनी आपला प्रदेश सोडला नाही. ते जिथे जातात तिथे विदर्भाचे नाव घेऊन जातात.

परीक्षक, नट, मित्र

२०१० मध्ये स्टार प्लसवर ‘मास्टरशेफ इंडिया’ आला आणि शेफची भूमिका बदलली. तोवर तो शिकवत होता, आता तो निकाल देऊ लागला. कुणाल कपूर, अजय चोप्रा, विकास खन्ना, रणवीर ब्रार ही नावे या खुर्चीतून मोठी झाली. विकास खन्ना न्यूयॉर्कला ‘जुनून’मध्ये मिशलिन तारा मिळवून आलेले, तर रणवीर ब्रार लखनौच्या गल्ल्यांतल्या कबाबवाल्यांकडे शिकलेले. ब्रार यांची व्यावसायिक कारकीर्द सुरू झाली ती गोव्यात, ताजच्या आग्वाद येथील हॉटेलात. पुढे नोएडा, बॉस्टन करून ते पडद्यावर आले आणि आज ते वेबमालिका-चित्रपटांत नट म्हणूनही दिसतात.

परदेशात याच काळात अँथनी बोर्डेन यांनी तिसरी भूमिका घडवली. न्यूयॉर्कमधल्या भटारखान्याचे उघडेवाघडे चित्र त्यांनी २००० साली पुस्तकातून मांडले आणि पुढची अठरा वर्षे जगभर फिरून लोकांच्या ताटांशी बसून गोष्टी सांगितल्या. बोर्डेन क्वचितच रांधत. ते ऐकत. शेफने दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात पाहुणा होऊन बसावे, ही त्यांची सर्वांत मोठी देणगी.

अलीकडे चक्र आणखी फिरले आहे. २०२४ मध्ये कलर्स वाहिनीवर आलेल्या ‘लाफ्टर शेफ्स’सारख्या कार्यक्रमांत नटनट्यांच्या विनोदी धांदलीत शेफ हरपाल सिंग सोखी परीक्षकाच्या जागी उभे असतात. करमणूक म्हणून ते चालते, चालावे. पण पाहणाऱ्याच्या हाती कृती लागत नाही आणि प्रदेशाची ओळखही होत नाही.

फ्लॉइड कार्डोझ: गोव्याकडे परत येणारी वाट

गोव्याच्या संदर्भात या वाटचालीचे सर्वांत पूर्ण उदाहरण म्हणजे फ्लॉइड कार्डोझ. जन्म १९६० चा, मुंबईतला, वाढ वांद्र्यातली, कुटुंब मूळ गोव्याचे. जीवरसायनशास्त्र शिकून झाल्यावर आर्थर हेली यांची ‘हॉटेल’ ही कादंबरी वाचून ते या धंद्याकडे वळले. मुंबईच्या हॉटेल मॅनेजमेंट संस्थेत शिकले, स्वित्झर्लंडला गेले, मग न्यूयॉर्कमध्ये ग्रे कुंझ यांच्या हाताखाली ‘लेस्पिनास’मध्ये फ्रेंच भटारखान्याची कडक उमेदवारी केली.

१९९८ मध्ये डॅनी मेयर यांच्यासोबत त्यांनी मॅनहॅटनमध्ये ‘तबला’ उघडले. अमेरिकेत तेव्हा भारतीय जेवण म्हणजे स्वस्त बुफे आणि एकाच चवीच्या लालभडक रश्शांच्या वाट्या. कार्डोझ यांनी तिथले मासे, तिथल्या भाज्या आणि आपले मसाले एकत्र आणले. गोव्याच्या मसाल्यातला त्यांचा खेकड्याचा केक तिथे फार नावाजला. बारा वर्षांनी, २०१० च्या अखेरीस ‘तबला’ बंद झाले. त्यानंतर काही महिन्यांतच, २०११ मध्ये, ‘टॉप शेफ मास्टर्स’ या व्यावसायिक शेफांच्या टीव्ही स्पर्धेचे तिसरे पर्व त्यांनी जिंकले. अंतिम फेरीतल्या त्यांच्या पदार्थांत अळंबी घातलेला उपमा होता. आपल्याकडे सकाळच्या घाईत टाकला जाणारा उपमा त्यांनी तिथल्या परीक्षकांसमोर मांडला आणि जिंकला. बक्षिसाची रक्कम त्यांनी कर्करोगाच्या संशोधनाला दिली.

या विजयाआधी त्यांची वीस-पंचवीस वर्षे भटारखान्यात गेली होती, ती नसती तर त्या उपम्याला वजन आले नसते. विजयानंतर ते केवळ पडद्यावर राहिले नाहीत. २०१५ मध्ये ‘द बॉम्बे कॅन्टीन’ आणि २०१७ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात ‘ओ पेद्रो’ अशी दोन उपाहारगृहे भागीदारांसोबत त्यांनी मुंबईत उभी केली. ‘ओ पेद्रो’चा केंद्रबिंदू गोवा आहे, आणि तिथे किनाऱ्यावरच्या नेहमीच्या यादीपलीकडे जाण्याचा प्रयत्न दिसतो. न्यू जर्सीत २५ मार्च २०२० रोजी कोविडने त्यांचे निधन झाले, तेव्हा ते ५९ वर्षांचे होते. त्यांनी घडवलेले तरुण शेफ आज त्यांचे नाव घेऊन काम करतात.

आणखी तीन उदाहरणे या रांगेत घ्यायला हवीत. सायरस टोडीवाला हे मुंबईचे पारशी. ताजच्या गोव्यातल्या हॉटेलांचे एक्झिक्युटिव्ह शेफ होते. १९९१ मध्ये ते लंडनला गेले, ‘कॅफे स्पाइस नमस्ते’ उघडले, आणि २०१३ मध्ये बीबीसीवर टोनी सिंग यांच्यासोबत ‘द इन्क्रेडिबल स्पाइस मेन’ केला. लंडनमध्ये शाकुती आणि काफ्रियाल त्यांच्या यादीवर सन्मानाने राहिले. मुंबईत माहीमला दीपा आणि डॉ. सुहास अवचट यांनी ‘गोवा पोर्तुगेसा’ चालवून दादर-माहीमच्या मराठी माणसाला गोव्याच्या जेवणाची सवय लावली. दीपाताईंनी पाककृतींचे पुस्तकही लिहिले. तिसरे उदाहरण उलट दिशेचे. ऑस्ट्रेलियाच्या ‘मास्टरशेफ’मधल्या स्पर्धक सारा टॉड आधी पडद्यावर गाजल्या आणि मग २०१५ मध्ये वागातोरला ‘अंतारेस’ उघडण्यासाठी गोव्यात आल्या. त्या धडपडीवरही टीव्ही मालिका झाली. गोवा तिथे सुंदर पार्श्वभूमी म्हणून आला.

पडद्याबाहेरचे ताट

आता पेडण्यात आणि डिचोलीत काय शिजते ते पाहू.

सकाळी दहाच्या सुमारास उकड्या तांदळाची पेज, सोबत मिठातले आंबे किंवा भाजलेला सुका बांगडा. दुपारी शीत आणि हुमण, म्हणजे भात आणि माशांचे कालवण. बांगडा असेल तर त्यात तिरफळे हवीतच, सुंगटे असतील तर आंबाडे. बांगड्याची उडदामेथी निराळी, तिचा वास निराळा. सुक्या सुंगटांचे किसमूर, तेरेखोल आणि शापोरा नद्यांच्या काठच्या तिसऱ्या आणि खुबे. सोमवारी, श्रावणात आणि देवकार्याला शिवराक, म्हणजे मांसमासळी नसलेले जेवण: मोड आलेल्या मुगांच्या गाठी, आळसांद्यांचे तोणाक, घोटांचे सासव, पावसाळ्यात ताळकिळ्याची भाजी आणि वारुळांवर उगवणारी अळमी. देवळातल्या समाराधनेला आचारी मोठ्या भांड्यांत खतखते करतात. कंद, कणगी, दुधी, मक्याची कणसे असे मिळेल ते त्यात पडते आणि वरून तिरफळे. शेवटी चण्याच्या डाळीचे, नारळाच्या रसातले मणगणे. चवथीला गणपतीवरच्या माटोळीखाली नेवऱ्या, नागपंचमीला हळदीच्या पानांतल्या पातोळ्या. जत्रेहून परत येताना गूळ-आल्याची खाजी.

या जेवणामागे मोठी व्यवस्था उभी आहे. हरमलची मिरची पेडण्याच्या डोंगरउतारांवर होते. तिला आणि गोव्याच्या खाज्यांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पेडण्याचा माल म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात उतरतो. मोरजी-मांद्रेच्या किनाऱ्यावर रापणीची मासळी येई. डिचोली आतल्या अंगाला: कुळागरे, मिरी, जायफळ, सुपारी, नारळ, आणि मातीची भांडी घडवणारे कुंभार. मातीच्या कुंडल्यात केलेले हुमण दुसऱ्या दिवशी अधिक चवदार लागते, हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे.

ही व्यवस्था आज दोन्ही बाजूंनी ओढली जात आहे. डिचोलीत लोहखनिजाच्या खाणींनी अनेक दशके शेतांत आणि ओहोळांत माती लोटली. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने खाणकाम थांबले, २०१८ मध्ये पुन्हा लिजेस रद्द झाली, तेव्हा रोजगार गेला. पण गाळ भरलेली शेते आपोआप पिकाखाली आली नाहीत. पेडण्यात मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ डिसेंबर २०२२ मध्ये उद्घाटन होऊन जानेवारी २०२३ पासून सुरू झाला. मोरजी-आश्वेच्या किनाऱ्यावर रशियन आणि फ्रेंच जेवणाच्या पाट्या आधीच होत्या. आता डोंगरावरच्या गावांतही जमिनींचे व्यवहार वाढले आहेत. हॉटेले येतील, नोकऱ्या येतील. त्या हॉटेलांत नाश्त्याला पातळ भाजी आणि पाव मिळेल का, दुपारी खतखते मिळेल का, हे अजून कोणी विचारत नाही.

तेरेखोलच्या पलीकडे हेच जेवण थोड्या फरकाने ‘मालवणी’ म्हणून ओळखले जाते आणि त्याला महाराष्ट्रभर नाव आहे. मुंबईतल्या मालवणी खानावळींनी ते घडवलेच, पण मच्छिंद्र कांबळींच्या ‘वस्त्रहरण’ या नाटकाने मालवणी बोलीला जी प्रतिष्ठा दिली तिचाही त्यात हात आहे. नावाजलेला माणूस आपल्या मुलखाचे नाव उघडपणे घेतो, तेव्हा त्या मुलखाच्या ताटालाही मान मिळतो. नदीच्या अलीकडचे पेडणे ‘गोवा’ या पाटीखाली आले, आणि त्या पाटीखाली जागा होती ती किनाऱ्याला.

पडदा हे का पेलत नाही

याचा दोष कोणा एका शेफला देता येणार नाही. पडद्याचे काही नियम आहेत आणि ते या जेवणाच्या विरुद्ध जातात.

एक म्हणजे वेळ. जाहिराती वजा जाता अर्ध्या तासाच्या भागात वीस-बावीस मिनिटे उरतात. तेवढ्यात दोन-तीन पदार्थ सुरू होऊन संपले पाहिजेत, म्हणून अर्धे शिजलेले भांडे आधीच तयार ठेवलेले असते. रगड्यावर तासभर वाटलेला मसाला तिथे मिक्सरच्या एका फेरीत येतो. दुसरी अडचण सामानाची. राष्ट्रीय वाहिनीवरची कृती लुधियानात आणि इंदुरात करता आली पाहिजे. तिरफळ, आंबाडे, घोटे तिथे मिळत नाहीत. मग ‘नसल्यास वगळा’ असे म्हटले जाते, आणि तिरफळ वगळलेले बांगड्याचे हुमण साध्या माशाच्या रश्शावर येऊन थांबते. तिसरी गोष्ट प्रायोजकाची. तेलाची, मसाल्याची, भांड्याची कंपनी पैसे देते. खोबरेल तेलात, मातीच्या कुंडल्यात, हरमलच्या मिरचीवर चाललेल्या स्वयंपाकात तिला विकण्यासारखे फार थोडे असते.

चौथे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. टीव्हीला सुटा पदार्थ लागतो. या तालुक्यांचे जेवण वर्षाच्या चक्रात बांधलेले आहे. ताळकिळा पहिल्या पावसानंतर येतो, अळमी थोडेच दिवस मिळते, रापण पावसाळ्यात बंद असते म्हणून मे महिन्यात पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरून ठेवावे लागते. शिवराक कधी आणि का, हे कळल्याशिवाय मुगागाठी ही नुसती एक उसळ वाटते. ऋतू, देव, भरती-ओहोटी आणि साठवण यांचा संबंध सांगितला तरच हे जेवण समजते. त्यासाठी शेफला ओट्यामागून निघून अंगणात यावे लागते.

मोबाइलच्या पडद्यावर

मोठ्या वाहिन्यांनी जे पेलले नाही, त्याला मोबाइलने थोडी वाट करून दिली आहे. मधुरा बाचल यांनी मराठीत पाककृतींचे व्हिडिओ करून लाखो घरे जोडली, आणि त्यासाठी त्यांना कुठल्याही हॉटेलची पदवी लागली नाही. आज कोकणातल्या आणि गोव्यातल्या कित्येक गृहिणी आपल्या चुलीसमोर मोबाइल ठेवून किसमूर आणि खतखते दाखवतात. इथे वेळेचे बंधन नाही, लुधियानाला सोयीचे व्हावे अशी सक्ती नाही.

पण इथेही प्रश्न आहेत. व्हिडिओ पाहून कृती उचलली जाते, मूळ गावाचे नाव गळते. नामवंत शेफ एखाद्या आजीच्या हातची चव ‘माझी खास कृती’ म्हणून सादर करतो आणि तिला श्रेय मिळत नाही. घरच्या बाईकडे अनुभव असतो, व्यावसायिक शेफकडे तंत्र आणि पोच असते. दोघांनी एकत्र बसावे अशी जागा अजून तयार झालेली नाही. फातिमा दा सिल्वा ग्रासियास यांच्या २०११ च्या ‘कोझिन्हा द गोवा’सारख्या पुस्तकांनी गोव्याच्या जेवणाचा इतिहास नोंदवला. बाणावलीच्या ‘कावातिना’चे अविनाश मार्टिन्स यांच्यासारखे शेफ स्थानिक रानमेवा आणि गावातल्या पद्धती आपल्या टेबलावर आणत आहेत. ही कामे मोलाची आहेत. तशीच तपशीलवार आणि आपुलकीची नोंद उत्तरेकडच्या या दोन तालुक्यांची, मराठीत, व्हायला हवी.

जमाखर्च

तीस वर्षांच्या या प्रवासाची जमेची बाजू भक्कम आहे. स्वयंपाक हा शिक्षणाचा आणि प्रतिष्ठेचा व्यवसाय झाला. पुरुष घरच्या ओट्याशी उभे राहू लागले, ते मुलांना दिसू लागले. बाहेरचे पदार्थ घरात आले आणि स्वच्छता, मोजमाप, मांडणी यांची जाण वाढली. प्रादेशिक जेवणाला दाद मिळू लागली, विदर्भाला तर भरभरून मिळाली.

खर्चाची बाजूही स्पष्ट लिहायला हवी. कीर्तीच्या वाटेवर शेफ भटारखान्यापासून दूर जातो, आणि त्याच्या हाताखाली शिकू पाहणाऱ्यांना गुरू मिळत नाही. पडद्याची घाई पाहून मुले उमेदवारीची वर्षे टाळू पाहतात. संजीव कपूर यांनी जवळपास दशकभर आणि कार्डोझ यांनी दोन दशकांहून अधिक काळ आधी भटारखान्यात काढला, हे त्यांना कोणीतरी आग्रहाने सांगितले पाहिजे. आणि प्रदेशाची ओळख चार-पाच पदार्थांत गोठते. गोव्याच्या बाबतीत हा तोटा फार मोठा आहे.

तो भरून काढणे हाताबाहेरचे नाही. पर्वरीच्या हॉटेल मॅनेजमेंट संस्थेसारख्या गोव्यातल्या संस्थांनी विद्यार्थ्यांच्या उमेदवारीचा काही काळ गावातल्या आचाऱ्यांकडे आणि घरच्या रांधणाऱ्या बायकांकडे ठेवावा, आणि शिकवणाऱ्यांना त्याचे मानधन द्यावे. मोपाच्या परिसरात येणाऱ्या हॉटेलांनी हरमलची मिरची, डिचोलीच्या कुंभारांची कुंडली, कुळागरातले मिरी-जायफळ थेट विकत घ्यावे आणि यादीवर गावाचे नाव छापावे. वाहिन्यांनी आणि व्हिडिओ करणाऱ्यांनी पदार्थासोबत तो शिकवणाऱ्याचे नाव आणि गाव, त्याच्या संमतीने, पडद्यावर लिहावे. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत दिवे धरणाऱ्याचेही नाव येते, मग चव देणाऱ्याचे का येऊ नये? आणि एक मराठी मालिका अशी व्हावी जी वर्षभर एकाच गावात राहील, मृगापासून पुढच्या मृगापर्यंत.

पेडण्यातून किंवा डिचोलीतून उद्या एखादी शेफ पडद्यावर येईल याची मला खात्री आहे. मुली आता या शिक्षणात मोठ्या संख्येने आहेत, विमानतळाने दार जवळ आणले आहे, आणि त्यांच्या घरची शिदोरी कोणाहून कमी नाही. तिला माझे मागणे एवढेच आहे: नाव मिळेल तेव्हा त्याचा पहिला वाटा आपल्या गावाला द्यावा. मास्कींच्या पिढीला ती संधी मिळाली नाही. संजीव कपूर, मनोहर, कार्डोझ यांना मिळाली आणि तिघांनी ती आपापल्या परीने वापरली. या दोन तालुक्यांच्या वतीने ती वापरणारे अजून कोणी आलेले नाही. ती जागा रिकामी आहे, आणि ती भरण्याचे काम इथल्याच माणसाचे आहे.